गळका सांधा: लातूर-नांदेडच्या गाड्यांनी शंभर वर्षांत फटींत काय काय भरून पाहिले

१/
जूनच्या पहिल्या जोरदार सरीत लातूर-नांदेड रस्त्यावरच्या जुन्या एसटीत एक दृश्य ठरलेले असे. खिडकीच्या वरच्या कडेतून पाण्याची बारीक धार सुटे, शेजारचा प्रवासी बोचके उचलून मांडीवर घेई आणि मागच्या बाकावर कोणीतरी सरळ छत्री उघडी. गाडी डेपोत गेली की त्या फटीत काहीतरी भरले जाई. पुढच्या जूनमध्ये धार पुन्हा तिथूनच सुटे.

२/
या गळतीचा दोष सहसा पावसाला दिला जातो. मराठवाड्यात पाऊस मुळात बेताचाच. सांधा उघडण्याचे काम आठ महिने ऊन करते. पाऊस फक्त ते उघडकीस आणतो.

त्या सांध्यात काय भरावे, हा प्रश्न या भागात पहिली आगगाडी आली तेव्हापासूनचा आहे. प्रत्येक पिढीने त्याचे वेगळे उत्तर दिले. ही उत्तरे का फसली आणि काही का टिकली, हे पाहू लागले की एकच कसोटी पुन्हा पुन्हा समोर येते: सांधा हलतो का, आणि हलत असेल तर किती?

३/
गाड्यांच्या आधी बैलगाडी. उन्हाळ्यात चाकाचे लाकूड आटते, आरे खुळखुळतात आणि लोखंडी धाव सैल पडते. त्यावर गावागावांत एकच उपाय होता: चाक काढून नदीच्या डोहात बुडवून ठेवायचे. लाकूड पाणी पिऊन फुगते आणि सांधे आपोआप आवळतात. चामड्याची पखालही भिजली की तिची शिवण घट्ट होते. इथे बाहेरून काही भरावे लागत नाही, वस्तू स्वतःच फट बुजवते. अट एवढीच की ती ओली राहिली पाहिजे. ज्या छपराला आठ महिने कोरडे राहून नवव्या महिन्यात अचानक पाणी झेलायचे आहे, त्याला हा उपाय लागू पडत नाही.

४/
विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर हैदराबाद-मनमाड मीटरगेज मार्ग गोदावरीच्या खोऱ्यातून नांदेडवरून गेला. लातूरला रेल्वे आली ती दुसऱ्या दिशेने. बार्शी लाइट रेल्वे ही अडीच फुटी रुळांची गाडी १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी अशी सुरू झाली आणि १९११ मध्ये लातूरला पोहोचली. लातूर तेव्हा निजामाच्या राज्यात होते. स्वतंत्र जिल्हा होण्यास १९८२ साल उजाडायचे होते.

या मार्गाचा अभियंता एव्हरार्ड कॅल्थ्रॉप याने प्रत्येक आसावरचा भार पाच टनांच्या आत ठेवण्याचा नियम घालून घेतला होता. हलके रूळ, हलके पूल आणि म्हणून हलक्या गाड्या. हलकी गाडी अधिक लवते, आणि लवणाऱ्या गाडीचे सांधे अधिक हलतात.

५/
त्या काळच्या रेल्वे डब्याचे छत कसे बांधले जाई, हे पाहण्यासारखे आहे. कमानदार फळ्या एकमेकींत खाच करून बसवत. त्यांवर सफेदा, म्हणजे शिशाची पांढरी भुकटी, जवसाच्या तेलात घोटून जाड थर देत. तो ओला असतानाच वर जाड कॅनव्हास ताणून बसवत आणि त्यावर पुन्हा रंगाचे थर चढवत.

यातली खरी हुशारी कॅनव्हासमध्ये आहे. फळ्यांमधल्या फटी बुजवण्याचा हट्ट कारागिरांनी धरलाच नाही. फटी हलणार हे गृहीत धरून त्यांच्यावर त्यांनी सोबत हलणारी एक कातडी पांघरली.

६/
ओघात आले म्हणून: ट्रकवर टाकतात ती 'ताडपत्री' हा शब्द ऐकताना ताडाच्या पानांतून आल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात तो इंग्रजी 'टारपॉलिन'चा मराठमोळा अवतार आहे, म्हणजे डांबर फासलेले आच्छादन. कल्पना तीच. लाकडी फळ्यांच्या ट्रकची प्रत्येक फट बुजवण्याच्या फंदात कोणी पडत नाही. मालावर ताडपत्री बांधली की झाले.

७/
जवसाच्या तेलाकडे थोडे थांबून पाहायला हवे, कारण या कथेतला तो स्थानिक नायक आहे. मराठवाड्यात जवस चटणीसाठी ओळखला जातो. लातूरच्या तेलबिया संशोधन केंद्राने जवसावर कामही केले आहे. मात्र रंगाऱ्याला या तेलाचे मोल वेगळ्या कारणासाठी आहे. शेंगदाण्याचे तेल वर्षभर उघडे ठेवले तरी तेलच राहते. खवट होते, पण घट्ट होत नाही. जवसाचे तेल पातळ थरात हवेतला ऑक्सिजन घेते, त्याचे रेणू एकमेकांत गुंततात आणि त्याची चिवट साय बनते. खडूची भुकटी आणि हे तेल मळले की लांबी तयार होते. खिडकीच्या काचा बसवायला हीच लांबी पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेली.

८/
अडचण अशी की ऑक्सिजन घेण्याची ही क्रिया थांबत नाही. पहिली एक-दोन वर्षे लांबी लवते, मग कडक होते आणि शेवटी विटेसारखी ठिसूळ बनते. घराच्या खिडकीत हे चालून जाते. चालत्या गाडीत ती तुकड्या-तुकड्यांनी गळून पडते.

सफेद्याचा दोष याहून गंभीर होता. शिसे कारागिराच्या पोटात जाई. रंगकामातील सफेद्यावर निर्बंध घालणारा करार आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९२१ मध्येच केला होता. गाडीच्या छताची किंमत कोणीतरी आपल्या हाडांत साठवत होते, हे या इतिहासातून वगळता येणार नाही.

९/
१९३२. निजामाच्या राज्य रेल्वेने स्वतःचा रस्ते वाहतूक विभाग काढला. सुरुवात २७ बसगाड्यांनी झाली. अल्बियन या स्कॉटिश कंपनीच्या गाड्या त्यांत होत्या. रेल्वेनेच रस्त्यावर बस चालवावी, ही व्यवस्था हिंदुस्थानात त्या वेळी नवलाची होती. पुढे आंध्र प्रदेशाचे रस्ते परिवहन महामंडळ याच विभागातून उभे राहिले.

त्या काळी जगभर बसची बॉडी म्हणजे लाकडी सांगाडा आणि त्यावर ठोकलेले पत्रे किंवा ताणलेले कापड, अशीच रचना होती. रेल्वे डब्याचे सगळे शहाणपण तिच्यात उतरले होते. तरीही ते पुरले नाही.

१०/
कारण रस्ता. रूळ समांतर असतात; डबा हादरतो, पण फारसा पिळला जात नाही. बसचे पुढचे डावे चाक खड्ड्यात आणि मागचे उजवे उंचवट्यावर गेले की सांगाडा ओला पंचा पिळावा तसा पिळतो. छत आणि भिंत मिळतात तो कोपरा सर्वांत आधी उघडतो. एसटीतली धार खिडकीच्या वरूनच सुटे, त्यामागचे मोठे कारण हेच.

११/
१ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर मुंबई राज्याची पहिली एसटी धावली. तिची बॉडी लाकडी आणि छत जाड कापडाचे होते, असे सांगितले जाते. मराठवाडा तेव्हा अजून निजामाकडे होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत तो मुंबई राज्यात आला आणि १९६१ पर्यंत इथली बससेवा महाराष्ट्राच्या एसटीत सामावली गेली. दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा येथील मध्यवर्ती कार्यशाळांत एसटी आपल्या गाड्यांच्या बॉड्या स्वतः बांधू लागली. त्यांपैकी चिकलठाणा मराठवाड्यातले.

१२/
लाकूड मागे पडले आणि ॲल्युमिनियमचे पत्रे आले: हलके, न गंजणारे, रिव्हेट मारून झटपट बसणारे. गळतीचा प्रश्न आता मिटला, असे वाटावे. त्याने फक्त रूप बदलले. ते कसे, याचा हिशेब कागदावर मांडता येतो.

१३/
एका अंशाने तापमान वाढले की एक मीटर पोलाद साधारण ०.०१२ मिमी वाढते आणि ॲल्युमिनियम ०.०२३ मिमी, म्हणजे जवळपास दुप्पट. जानेवारीच्या पहाटे आणि मेच्या दुपारी बसच्या टपाच्या तापमानात ५० अंशांचा फरक सहज पडतो. दहा मीटर लांबीत पोलादी सांगाडा ६ मिमी वाढतो, वरचा पत्रा साडेअकरा मिमी. दोन्ही एकमेकांना रिव्हेटने जखडलेले. हा साडेपाच मिलिमीटरचा तंटा सात-आठ सांध्यांत वाटला गेला, तरी प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे ०.७ मिमी येतो. तो रोज सकाळी एका दिशेने आणि रोज रात्री उलट. रिव्हेटची गोल भोके हळूहळू लंबगोल होतात आणि प्रत्येक भोक पाण्याची वाट बनते.

१४/
वाट सापडलेले पाणी मग आत दुसरे काम सुरू करते. ॲल्युमिनियम आणि पोलाद एकमेकांना टेकलेले असताना मध्ये पाणी राहिले की त्यांची एक लहानशी विद्युतघटमालाच तयार होते. तिच्यात झिजते ॲल्युमिनियम. पत्रा उचकटल्यावर सांध्यात सापडणारी पांढरी भुकटी ती हीच. 'न गंजणारा' पत्रा आतून असा खाल्ला जातो. सांध्यातल्या भरणाचे काम प्रवाशाला कोरडे ठेवण्यापुरते नव्हते. दोन धातूंना एकमेकांपासून दूर ठेवण्याचेही होते.

१५/
या सांध्यांत हाताशी आले ते सगळे भरले गेले. लांबी: कडक होऊन तडकली. डांबर: ६५ अंशांच्या टपावर वितळून ओघळले आणि थंडीत ठिसूळ झाले. मग आले दोन रंगांचे गोळे एकत्र मळून लावायचे एपॉक्सी लुकण. टाकी, नळ, तुटलेली दांडी, सगळ्याला चालणारे, दगडासारखे पक्के.

ते पक्केपणच इथे नडले. एपॉक्सी स्वतः तडकत नाही. पत्रा सरकला की कडेचा रंग सोलून घेऊन अखंड पट्टीच्या पट्टी सुटून येते. भरण शाबूत, फट तशीच. न हलणाऱ्या भोकाला ते उत्तम औषध आहे आणि हलणाऱ्या सांध्याला जवळजवळ निरुपयोगी. लाकडी डब्यावर कॅनव्हास ताणणाऱ्या कारागिराला जे ठाऊक होते, ते धातूच्या युगात बरीच वर्षे विसरले गेले.

१६/
लवचीक भरणाचा शोध जगात दुसरीकडे लागत होता, तोही अपघाताने. १९२० च्या दशकात अमेरिकेत जोसेफ पॅट्रिक हा रसायनतज्ज्ञ इंजिनाच्या पाण्यासाठी गोठणरोधक द्रव बनवण्याच्या खटपटीत होता. हाती लागला एक दुर्गंधी, रबरासारखा गोळा, जो पेट्रोलमध्येही विरघळेना. हे थायोकोल, पॉलिसल्फाइड कुळातले पहिले रबर. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या इंधनटाक्यांचे सांधे याच कुळाने बंद केले. विमान म्हणजेही रिव्हेट मारलेले ॲल्युमिनियमच. एसटीच्या टपाचे आणि बॉम्बफेकी विमानाच्या पंखाचे दुखणे एकच होते.

१७/
१९३७ हे वर्ष या इतिहासात दोनदा येते. त्या वर्षी अमेरिकेत स्पार्क्स आणि थॉमस यांनी ब्यूटिल रबर बनवले आणि जर्मनीत ओटो बायर यांनी पॉलियुरेथेनची रसायनक्रिया शोधली. सिलिकोन १९४० च्या दशकात कारखान्यांत आले. १९७० च्या दशकाच्या अखेरीस जपानच्या कानेका कंपनीने या दोन कुळांच्या मधले संकरित भरण बाजारात आणले. आज गाडीच्या सांध्यासाठी निवड करायची तर ती याच मंडळींतून करावी लागते, आणि प्रत्येकाचा स्वभाव निराळा आहे.

१८/
ब्यूटिल कधीच सुकत नाही. त्याची चिकट पट्टी दोन पत्र्यांच्या मध्ये, रिव्हेट मारण्याआधी दाबून बसवायची असते. दाबाखाली ते वर्षानुवर्षे मऊ राहते. उघड्या फटीवर वरून फासले, तर मात्र त्यावर फक्त धूळ बसते.

१९/
सिलिकोन प्रत्येक हार्डवेअरच्या दुकानात मिळते, ऊन उत्तम सोसते, खूप लवते. तरीही पत्र्याच्या बॉडीसाठी ते धोक्याचे. स्वस्त नळीतून व्हिनेगरसारखा वास येतो. ते ॲसिटिक आम्ल असते आणि उघड्या पोलादाला गंज चढवते. सिलिकोनवर रंग बसत नाही. सर्वांत वाईट हे की खरवडून काढले तरी त्याची अदृश्य साय मागे राहते आणि तिच्यावर नंतरचे कोणतेही भरण धरत नाही. चुकीचे सिलिकोन एकदा लागले की पुढच्या कारागिराचे कामही बिघडते.

२०/
पॉलियुरेथेन पत्र्याला घट्ट धरते, लवते आणि रंगही घेते. बसची पुढची काच आज त्यानेच चिकटवतात. ते घट्ट होते हवेतल्या ओलाव्याने, दिवसाला साधारण २ ते ३ मिमी खोलीपर्यंत. म्हणून लातूरच्या एप्रिलमध्ये, हवा कोरडी ठणठणीत असताना, त्याला जास्त वेळ द्यावा लागतो. वरून कोरडे दिसले म्हणून गाडी रस्त्यावर काढली, तर आतला ओला गर पहिल्याच खड्ड्यात सरकतो. उघडे ठेवले तर उन्हाने त्याच्यावर खडूसारखी भुकटी येते, म्हणून वर रंग हवा. रंग देणे शक्य नसेल तिथे संकरित भरण बरे.

२१/
योग्य नळी निवडूनही काम फसते, ते रुंदीपायी. चांगले भरण आपल्या रुंदीच्या २५ टक्क्यांपर्यंत ताण सहज सोसते. सांधा ०.७ मिमी हलणार असेल, तर भरणाची पट्टी किमान ३ मिमी रुंद हवी. कागदाएवढ्या बारीक फटीवरून बोटाने पातळ लेप फिरवला, तर त्या लेपाला स्वतःच्या कित्येक पट ताणावे लागते. तो फाटणारच. शिवाय भरण दोन बाजूंना चिकटावे, तळाला नव्हे. तळही धरला की त्याला ताणायला जागा उरत नाही. आणि जुने भरण, धूळ, तेलकटपणा साफ न करता लावलेले कोणतेही महागडे रसायन फक्त धुळीला चिकटते.

२२/
आता धार कुठून येते, हा प्रश्न. पाणी जिथे टपकते तिथून ते सहसा शिरलेले नसते. टपाच्या पुढच्या टोकाला शिरलेला थेंब आतल्या पन्हळीतून चार खिडक्या मागे जाऊन पडतो. पाहणीची जुनी रीत अजूनही चालते: आतून सांध्यांवर खडूची पूड लावायची, बाहेरून पाण्याचा पाइप खालून वर, एकेका सांध्यावर धरत जायचा आणि पूड कुठे आधी भिजते ते पाहायचे. पाइप आधी वर धरला तर सगळेच भिजते आणि काहीच कळत नाही. डेपोत वर्षानुवर्षे बुजवली गेलेली कित्येक ठिकाणे पाणी बाहेर पडण्याची होती, शिरण्याची नव्हे.

२३/
एप्रिल २०१६ मध्ये लातूरने हाच प्रश्न उलटा पाहिला. शहराचे पाणी संपले होते. ११ एप्रिलला मिरजेहून दहा वाघिणींची गाडी निघाली आणि १२ तारखेला लातूरला पोहोचली: सुमारे पाच लाख लिटर पाणी. पुढे पन्नास वाघिणींची, २५ लाख लिटरची 'जलदूत' गाडी येऊ लागली. तेल वाहणाऱ्या या टाक्या राजस्थानात कोटा येथे वाफेने धुऊन घेतल्या होत्या. मिरज-कुर्डुवाडी-बार्शी-लातूर हा तिचा मार्ग म्हणजे बराचसा जुन्या बार्शी लाइट रेल्वेचाच, रुंद झालेला वारसा.

त्या टाक्यांच्या सांध्यांत भरण नव्हतेच. अखंड वेल्डिंगने सांधा उरतच नाही. दोन्ही बाजूंना एकच धातू, एकच प्रसरण, तंटा नाही. ज्या शहराला थेंब मोजून वापरावा लागत होता, तिथे हा फरक पुस्तकी नव्हता.

२४/
मग सगळ्या गाड्या अखंड वेल्ड का करत नाहीत? पातळ पत्रा लांब वेल्डच्या उष्णतेने वाकतो, म्हणून तो ठिपक्या-ठिपक्यांनी जोडतात. दोन ठिपक्यांच्या मध्ये पुन्हा फट, आणि फटीत पुन्हा भरण.

लातूरजवळ हरंगुळ येथे मराठवाडा रेल्वे डबा कारखान्याची पायाभरणी ३१ मार्च २०१८ रोजी झाली आणि डिसेंबर २०२० मध्ये पहिल्या डब्याचा सांगाडा तयार झाला. रेल्वेने जुने पोलादी डबे सोडून स्टेनलेस स्टीलचे डबे स्वीकारले, त्याचे एक कारण गंज हेच होते. जुना डबा शौचालयाखाली आणि खिडक्यांच्या खालच्या कडेला, पाणी साचते तिथेच, आधी कुजायचा. स्टेनलेसच्या डब्यालाही खिडक्या असतात, टपावर वातानुकूलन यंत्राची भोके असतात. सांध्यांची संख्या कमी झाली, शून्य नाही.

२५/
२०१८ च्या सुमारास एसटीने ॲल्युमिनियम सोडून पोलादी बॉडी बांधायला सुरुवात केली. कारण सुरक्षितता: अपघातात पोलादी सांगाडा प्रवाशांभोवती अधिक टिकतो. सांगाडा आणि पत्रा दोन्ही पोलादाचे असल्याने प्रसरणाचा जुना तंटाही बराच मिटला. पण पोलाद गंजते, आणि गंज बाहेरून दिसण्याआधी पोकळ खांबांच्या तळाशी सुरू होतो. म्हणून बांधणाऱ्याने खांबाच्या खालच्या टोकाला बोटाच्या पेराएवढे एक भोक मुद्दाम ठेवलेले असते, आत शिरलेले पाणी निघून जावे यासाठी. गळती थांबवायला निघालेला उत्साही हात नळी घेऊन पहिल्यांदा बुजवतो ते बहुधा हेच भोक. गाडी आतून कोरडी दिसते आणि खांब खालून कुजत राहतो. नांदेड असो वा लातूर, पावसाळ्याआधी गाडी तपासताना भरणाची नळी उघडण्यापूर्वी एक बारीक तार घेऊन गाडीखाली वाकावे लागते आणि ही भोके एकेक करून मोकळी करावी लागतात.